मडगार्डवरची माणसं

आमच्या निफाड तालुक्यात ट्रॅक्टर कुणी शिकत नाही. पोहणं शिकतात, मग ते विहिरीत ढकलून दिल्यावर का होईना. सायकल शिकतात. भजनात टाळ कुठं वाजवायचा हेसुद्धा कुणीतरी मनगट धरून सांगतं. ट्रॅक्टर मात्र यावाच लागतो. पाचवी-सहावीतलं पोरगं बापाच्या मांडीवर बसून स्टेअरिंग धरतं, आठवीत मांडी सुटते, दहावीत बाप सुटतो आणि पोरगं एकटंच ट्रॅक्टरवर दिसायला लागतं. हा क्रम ज्याचा चुकला, म्हणजे जो ऐन आठवीत शिकायला नाशकाला गेला आणि पुढे तिथंच नोकरीला चिकटला, त्याला निवृत्तीनंतर गावी परतल्यावर "मला ट्रॅक्टर येत नाही" असं चारचौघांत सांगावं लागतं. पारावर मी हे सांगितलं तेव्हा बराच वेळ कुणी बोललं नाही. मग नानांनी विषय बदलला आणि माझ्या शुगरची चौकशी केली.

ट्रॅक्टर घेण्याचं कारण बाग. आमची द्राक्षबाग नऊ फुटी. दोन ओळींत नऊ फूट अंतर हे कागदावर. त्यातलं निम्मं काड्या, अँगल आणि तारा खातात. भाड्याचा मोठा ट्रॅक्टर आत घातला की तो बाहेर येताना चार-दोन घड आणि एखादा वाकलेला अँगल सोबत घेऊनच येतो. शिवाय द्राक्ष हे पीक नसून कायमचं आजारपण आहे. गोडी छाटणीनंतर डावणीची धास्ती, मग भुरी, मग थ्रिप्स, आणि पावसाचा एक शिंतोडा आला की पहाटे चारला फवारणी. त्या वेळी भाड्याचा ड्रायव्हर फोन उचलत नाही. तेव्हा दादांनी, म्हणजे माझ्या थोरल्या भावाने, ठरवलं की आपला मिनी ट्रॅक्टर घ्यायचा. पावणेचार फूट रुंद, चोवीस घोड्यांचा, ओळीतून सुळकन जाणारा.

अनुदानासाठी महाडीबीटीवर अर्ज करावा लागतो आणि तेव्हा मग सोडतीत नाव निघायची वाट बघावी लागायची. त्यात महिला शेतकऱ्याला टक्का थोडा जास्त आहे. हे कळल्यापासून आमच्या तालुक्यात महिला शेतकऱ्यांची जी प्रगती झाली आहे ती थक्क करणारी आहे. ज्या माउलींनी आयुष्यात ट्रॅक्टरच्या सीटला पदर लागू दिला नाही, त्यांच्या नावावर ट्रॅक्टर आहेत. आमच्याही घरी अर्ज माझ्या बायकोच्या नावाने गेला, नाव निघालं, आणि आरसी बुकावर मालक म्हणून ती लागली. त्या दिवशी कुणाला यात विशेष काही वाटलं नाही.

ट्रॅक्टर आला तेव्हा गाव बघायला जमलं आणि हसलं.

"भाऊ, ह्याची आई नाही आली का संगं?"

"ह्याला डिझेल पाजायचं का दूध?"

"मोठा झाला म्हंजी नांगराला येईल."

मिनी ट्रॅक्टरचा खरा धोका तिथंच सुरू होतो. त्याला कुणी भीत नाही. मोठा पन्नास-पंचावन्न घोड्यांचा ट्रॅक्टर धडधडत आला की म्हशीसुद्धा बाजूला होतात. आमच्या ट्रॅक्टरच्या बॉनेटवर पोरं हात ठेवून उभी राहतात, कोंबड्या खालून जातात आणि म्हातारी माणसं चाकाला टेकून तंबाखू मळतात. वजनाला तो सात-आठ क्विंटलच्या घरात. आठ क्विंटल कांदा लासलगावला नेताना तो अंगावर पडू नये एवढी अक्कल प्रत्येकाला असते. तेवढंच लोखंड चाकावर ठेवलं की ती जाते.

लोखंडाविषयीचा हा विश्वास आपल्याकडे फार जुना नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ साली लोखंडी नांगर बनवला तेव्हा शेतकरी तो घ्यायला तयार नव्हते. लोखंडाने जमिनीत विष उतरतं, अशी समजूत होती. पहिला नांगर खपायला लक्ष्मणरावांना बराच काळ थांबावं लागलं. जे लोखंड निव्वळ माती उलथत होतं, ज्याच्यापासून काडीचा धोका नव्हता, त्याला आपले पणजोबा घाबरले; आणि जे लोखंड खरोखर माणूस उलथू शकतं त्याच्या मडगार्डवर त्यांचे पणतू पाय सोडून बसतात. पणजोबांची भीती चुकीच्या वस्तूवर खर्च झाली आणि आमच्या वाट्याला काही उरली नाही.

असो. पूजा झाली. हळद-कुंकू, हार, चारी चाकांखाली लिंबं. शोरूमचा पोरगा याच वेळात मला प्रशिक्षण देणार होता, कारण त्याला पुढे चांदवडला दुसरा ट्रॅक्टर उतरवायचा होता. नारळ आणायला पोरगं पळालं ते परत येईपर्यंतचा अवधी माझ्या शिक्षणाला मिळाला.

"काका, कार येते ना?"

"येते."

"मग झालं. सगळं कारसारखंच हाये."

त्या पोराचा दोष नाही, कायद्याचंही मत तेच आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात साडेसात हजार किलोंपर्यंतचा ट्रॅक्टर हलक्या मोटार वाहनाच्या व्याख्येतच बसवलेला आहे. म्हणजे गंगापूर रोडवर वर्षानुवर्षं छोटी कार चालवल्यामुळे कायद्याच्या दृष्टीने मला ट्रॅक्टर येत होता. ट्रॅक्टरला तेवढं कळवायचं राहिलं होतं.

कारमध्ये अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढला की गाडी मंदावते. भ्यालेला माणूस पहिल्यांदा पाय काढतो, त्यामुळे कार घाबरटांना सांभाळून घेते. ट्रॅक्टरला पायाचा एक आणि हाताचा एक असे दोन अ‍ॅक्सिलरेटर असतात, आणि हाताचा दांडा जिथं ठेवाल तिथंच राहतो. तुम्ही पाय काढा, हात जोडा, रामरक्षा म्हणा, तो आपल्या गतीने बांधाकडे जात राहतो. त्याला थांबवायचं तर आधी क्लच दाबायला हवा, आणि क्लच दाबायला हवा हे त्या क्षणी आठवायला हवं. इंजिन बंद करायला किल्ली फिरवून भागत नाही, स्टॉपरचा दांडा ओढावा लागतो. मी किल्ली काढून खिशात घातली आणि ऐटीत खाली उतरायला लागलो, तेव्हा मागे इंजिन धडधडतच होतं आणि आमचा पुतण्या पायरीवर बसून पोट धरून हसत होता.

ब्रेक दोन. डाव्या मागच्या चाकाला वेगळा, उजव्याला वेगळा. शेतात बांधाशी जागा कमी असते. वळायच्या बाजूचा एकच ब्रेक दाबला की ते चाक खिळतं आणि ट्रॅक्टर जागच्या जागी फिरतो. ही सोय इतकी सुंदर आहे की ती शोधणाऱ्याच्या घरी द्राक्षाची पेटी पाठवावी. पण हीच सोय डांबरी रस्त्यावर जीव घेते. वेगात असताना घाईघाईने एकच पेडल दाबलं गेलं की एक चाक थांबतं, दुसरं पळतं, आणि ट्रॅक्टर आडवा होतो. म्हणून दोन्ही पेडल जोडायला एक छोटी पट्टी दिलेली असते. शेतातून रस्त्यावर येताना ती टाकायची, शेतात जाताना काढायची. एवढंच. खाली वाकायचं, पट्टी सरकवायची, दोन सेकंदांचं काम.

आमच्या गावातल्या ट्रॅक्टरांच्या या पट्ट्या मी मुद्दाम पाहिल्या. बहुतेकींवर शोरूममधला मूळचा रंग शाबूत आहे.

"कोण वाकतं सारखं?" पुतण्या म्हणाला. हा तोच पुतण्या, जो व्यायामशाळेत पैसे भरून वाकायला जातो.

माझा खरा गुरू म्हणजे हा पुतण्या. त्याला ट्रॅक्टर इतका येतो की तो शिकवता येत नाही. "क्लच सोडा काका" हे त्याच्या अध्यापनाचं पहिलं सूत्र आणि "हळू म्हटलं ना" हे दुसरं. पहिल्या आणि दुसऱ्या सूत्राच्या मध्ये ट्रॅक्टर बेडकासारखा उडी मारतो. "लिफ्ट खाली घ्या" म्हटल्यावर कोणता दांडा, असं विचारलं की त्याला खरोखर आठवत नाही. त्याचा हात सांगतो, तोंडाला माहीत नसतं. सीटच्या आसपास एकूण इतके दांडे आहेत की सुरुवातीला मी प्रत्येकाला नमस्कार करूनच हात लावत असे. एक गिअरचा, एक हाय-लोचा, दोन हायड्रोलिकचे, एक पीटीओचा, एक हाताच्या अ‍ॅक्सिलरेटरचा. शिवाय पायाशी डिफरन्शियल लॉकचं पेडल. ते दाबलं की मागची दोन्ही चाकं एकाच गतीने फिरतात, चिखलातून ट्रॅक्टर निघतो. आणि दाबलेलं असताना वळायला गेलं तर वळत नाही, सरळ तारेत जातो.

म्हणून मी पुस्तिका वाचली. याचीही गावात चर्चा झाली. ट्रॅक्टरसोबत आलेल्या पुस्तिकेला पूजेत हळद-कुंकू लागलं होतं आणि ती गॅसचं कार्ड, सातबारा, सोसायटीचं पासबुक यांच्यासोबत प्लॅस्टिकच्या पिशवीत कपाटात गेली होती. आयुष्यभर सरकारी परिपत्रकं वाचलेल्या माणसाला छापील कागदाचं भय नसतं. मी ती बाहेर काढली आणि सलग वाचली. अशा पुस्तिकांत एक काळा माणूस असतो, नुसत्या आकृतीचा, तोंड नसलेला. पहिल्या पानावर तो ट्रॅक्टरवरून पडतो. दुसऱ्यावर चाकाखाली येतो. तिसऱ्यावर शाफ्टमध्ये गुंडाळला जातो, चौथ्यावर उतारावर उलटतो, पाचव्यावर रेडिएटरची वाफ तोंडावर घेतो. नातवंडाला हे पुस्तक फार आवडलं. "आजोबा, ह्याच्या घरी कुणी नाही का सांगायला?" त्याने विचारलं.

या माणसाची गाठ पडल्यावर मला आणखी एक गोष्ट समजली. मध्य प्रदेशात बुदनीला केंद्र सरकारची संस्था आहे, १९५५ सालापासूनची. तिथं ट्रॅक्टरची परीक्षा घेतात: ओढायची ताकद किती, ब्रेक कसे, डिझेल किती पितो, किती आवाज करतो. तिथं चालकांना प्रशिक्षणही मिळतं. मशीनला उत्तीर्ण व्हावं लागतं आणि माणसाने गेलं तर गेलं. त्यामुळे आमच्या गावातला प्रत्येक ट्रॅक्टर रीतसर पास झालेला आहे आणि वर बसलेला मनुष्य घरूनच अभ्यास करून आलेला आहे.

पुस्तिकेत एका पानावर काळ्या माणसाचा ट्रॅक्टर पुढची चाकं आकाशात करून उभा होता. साखळी उंचावर बांधून ओढू नका, असं खाली लिहिलेलं. हे पान मी नीट समजून घेतलं, कारण आमच्याकडे साखळी कधी खाली बांधतच नाहीत.

झालं असं की लासलगावला कांदा घेऊन निघालेली एक पिकअप आमच्या मळ्याजवळच्या नाल्यात रुतली. रुतलेली गाडी हा गावाचा सार्वजनिक उत्सव असतो. दहा-बारा जण जमले, त्यातले सगळे इंजिनिअर. आमचा ट्रॅक्टर आणला. एकाने साखळी घेतली आणि टॉपलिंकच्या कानाला, म्हणजे सीटच्या मागे उंचावर, अडकवायला लागला.

मी म्हटलं, "खाली हुकाला लावा."

"खालून जोर लागत नाही, काका."

आता त्या गर्दीत उभं राहून मागच्या धुऱ्याचं गणित कसं सांगायचं? इंजिन धुरा फिरवायला बघतं. चाकं मोकळी असतील तर चाकं फिरतात आणि ट्रॅक्टर पुढं जातो. मागचं ओझं हलत नसेल, चाकं जमिनीत घट्ट असतील, तर धुऱ्याऐवजी ट्रॅक्टरच धुऱ्याभोवती फिरायला लागतो. नाक वर येतं. साखळी जितकी उंच, तितकं लवकर. त्यानंतर दीड सेकंदाच्या आसपास ड्रायव्हर सीटच्या खाली असतो. दीड सेकंदात आपल्याकडे "अरे" एवढंच म्हणून होतं, "क्लच दाब" राहूनच जातं.

हॅरी फर्ग्युसन नावाच्या बेलफास्टच्या मेकॅनिकला हेच दिसत होतं. त्या काळी नांगर ट्रॅक्टरच्या मागे नुसता गाडीसारखा बांधत; फाळ दगडाला अडला की ट्रॅक्टर उभा राही. त्याने नांगर ट्रॅक्टरलाच तीन ठिकाणी जोडला, खाली दोन हात आणि वर एक दांडा. नांगर अडला की वरचा दांडा ट्रॅक्टरचं तोंड उलट खाली दाबतो. १९२६ साली त्याने याचं पेटंट घेतलं आणि आज जगातल्या जवळजवळ प्रत्येक शेती ट्रॅक्टरच्या मागे तीच जोडणी आहे. आमच्या मिनीच्याही. हा माणूस मला मनापासून आपला वाटतो, आणि त्याचं कारण फक्त टॉपलिंक नाही. १९३८ साली त्याने अमेरिकेत हेन्री फोर्डबरोबर ट्रॅक्टरचा एवढा मोठा व्यवहार केला तो नुसता हातात हात देऊन. कागद नाही, स्टॅम्प नाही, दोन साक्षीदार नाहीत. मग म्हातारा फोर्ड बाजूला झाला, नातू गादीवर आला, तोंडी व्यवहार कोर्टात गेला आणि १९५२ साली लाखो डॉलरच्या तडजोडीवर मिटला. हे मी पारावर सांगितलं तेव्हा ट्रॅक्टरच्या विषयावर पहिल्यांदाच माझं बोलणं सगळ्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. "नातू आला म्हंजी वाटोळंच," नाना म्हणाले.

तर फर्ग्युसनने जो दांडा ट्रॅक्टर उभा राहू नये म्हणून बसवला, नेमका त्याच दांड्याच्या कानाला आम्ही साखळी बांधतो आणि ट्रॅक्टर उभा करतो. पिकअपच्या वेळी मी ट्रॅक्टरची किल्लीच काढून घेतली. पुतण्याने कुरकुरत साखळी खालच्या हुकाला लावली, पहिल्या लो गिअरमध्ये हळूच ओढली, पिकअप बाहेर आली. श्रेय नानांच्या "हाणऽऽ" या आरोळीला मिळालं.

पीटीओचं मात्र मला खरोखर भय वाटतं, आणि त्याबद्दल मी गंमत करताना जरा जपून करतो. ट्रॅक्टरच्या मागून जो दांडा निघतो आणि ब्लोअर किंवा रोटाव्हेटर फिरवतो, तो मिनिटाला ५४० फेरे घेतो. सेकंदाला नऊ. उपरण्याचं टोक, पदर, सुटलेली नाडी, बाहीचं बटण, काहीही त्याला लागलं की माणसाला कळायच्या आत पाच-सहा फेरे होऊन गेलेले असतात. म्हणून त्यावर प्लॅस्टिकचं कव्हर असतं. म्हणजे शोरूममध्ये असतं. गावात ते पहिल्या आठवड्यात निघतं, कारण ग्रीस मारायला अडचण होते. आणि ब्लोअर चालू असताना पलीकडे जायचं असेल तर वळसा घालून दहा पावलं चालायची, की फिरत्या दांड्यावरून एक ढांग टाकायची, यात आमचा माणूस ढांग निवडतो. ज्याला पारावरून घरी जायला संध्याकाळ होते त्याला इथं दहा पावलांची घाई असते.

नाना आमच्या बागेत फवारणी बघायला येतात. बघायला म्हणजे ब्लोअरच्या मागे उभं राहून "डाव्या बाजूचा नोझल बंद पडला" हे सांगायला. त्यांच्या खांद्यावर उपरणं असतं आणि ते वाऱ्याने बरोबर शाफ्टच्या दिशेला उडतं. मी त्यांना कायद्याने गाठायचं ठरवलं. मळणी यंत्रात हात जाण्याचे प्रकार इतके वाढले की त्यापायी १९८३ साली संसदेने धोकादायक यंत्रांचा कायदा केला, हे त्यांना सांगितलं.

नानांनी शांतपणे ऐकलं. "मळणी यंत्राला केला ना?"

"हो."

"मग हे काय मळणी यंत्र हाये का?"

नाना वकील झाले असते तर निफाड कोर्टात बऱ्याच लोकांची सोय झाली असती. शेवटी माझ्या बायकोने स्वयंपाकघरातून निरोप पाठवला की बागेत उपरणं घालून येणाऱ्याला आमच्याकडे चहा मिळणार नाही. दुसऱ्या दिवसापासून उपरणं आमच्या ओट्यावरच्या खुंटीला दिसायला लागलं.

सीटच्या मागे एक लोखंडी कमान असते. ट्रॅक्टर उलटला तर ड्रायव्हरभोवती जागा राहावी म्हणून. स्वीडनने १९५९ साली नव्या ट्रॅक्टरांना अशी संरक्षक चौकट सक्तीची केली आणि उलटलेल्या ट्रॅक्टरखाली मरणाऱ्यांचा आकडा तिथं उतरत गेला. आमची कमान दुमडती आहे, कारण मांडवाच्या तारांखालून जायचं तर ती आडवी करावी लागते. कमान उभी असेल तर पट्टा बांधायचा, दुमडलेली असेल तर पट्टा बांधायचा नाही, कारण मग बांधलेला माणूस थेट खाली सापडतो. हा नियम मी पुतण्याला समजावून सांगितला. त्याने नियमाचा दुसरा अर्धा तेवढा लक्षात ठेवला. सध्या कमान उभी असते ती जेवणाचा डबा, पाण्याचा कॅन आणि स्पीकर अडकवायला.

पण हे सगळं, ब्रेकची पट्टी, साखळी, शाफ्ट, कमान, यंत्राशी संबंधित होतं आणि यंत्र शेवटी ऐकतं. ट्रॅक्टर सुरक्षित चालवण्यात अवघड आहेत ती माणसं. पुस्तिकेत म्हटलं होतं: ट्रॅक्टरवर एकच सीट आहे, एकानेच बसावं. हे लिहिणाऱ्याला आमच्या गावात पाहुणा म्हणून बोलवायला हवं.

आमच्याकडे मडगार्ड ही बैठक आहे, आणि तिला मान आहे. ड्रायव्हरच्या डावीकडचं मडगार्ड वडीलधाऱ्यांचं. उजवीकडचं ज्याचं काम असेल त्याचं. मागे रोटाव्हेटरवर उभी राहतात ती पोरं. मोठ्या ट्रॅक्टरचं मडगार्ड निदान रुंद असतं. आमच्या मिनीचं वीतभर, आणि खाली फिरणारं चाक. त्यावर बसणाऱ्याचा एक गुडघा हायड्रोलिकच्या दांड्याला लागतो, त्यामुळे गप्पा रंगल्या की मागचा रोटाव्हेटर आपोआप खाली-वर होतो. तरी माणसं बसतात. हात वर करून ट्रॅक्टर थांबवतात, वर चढतात आणि मग विचारतात, "कुठं निघाला?"

यात प्रवासाचा भाग कमी असतो. फाट्यापर्यंत चालत गेलं तर लवकर पोचेल, हे त्यालाही माहीत असतं. पण तुम्ही नवा ट्रॅक्टर घेतलात आणि त्याने हात केल्यावर तुम्ही थांबला नाहीत, तर ती बातमी तुमच्या आधी फाट्यावर पोचते. "ट्रॅक्टर आल्यापासून बदलला" ही पदवी आमच्याकडे मरेपर्यंत पुरते. सोसायटीच्या निवडणुकीत, मुलीच्या लग्नात, पाटाच्या पाण्याच्या पाळीत तिचा हिशेब होतो.

मी आधी खरं कारण सांगायचो. "अहो, पडाल." यावर मनुष्य दुखावायचा. म्हणजे काय, मी काय म्हातारा झालोय? "खाली चाक आहे." असू दे की, चाक नसलं तर चालेल कसा. "एखाद्या दगडावरून उसळला तर..." तू हळू घे ना. अपघाताचं कारण सांगून मी एकाही माणसाला खाली उतरवू शकलो नाही. जिवाची किंमत आपल्याकडे स्वतःच्या तोंडून करत नाहीत.

मग एकदा वैतागून मी म्हणून गेलो, "मडगार्डवर कुणी बसलं की कंपनीची वॉरंटी जाते."

तो मनुष्य टुणकन खाली उतरला. वर म्हणाला, "आधी सांगायचं ना भाऊ! नुकसान झालं असतं."

तेव्हापासून माझं ट्रॅक्टर चालवणं सुरळीत झालं. माणूस पडेल, याला कुणी विचारत नाही. वॉरंटी जाईल म्हटलं की गाव हळहळतं. आता तर लोक दुरूनच एकमेकांना सांगतात, "ह्याच्यावर नको बसू, ह्याची वॉरंटी हाये." पोरांच्या हातून रोटाव्हेटर सुटला, नानांचा गुडघा दांड्यावरून हटला. शाळेच्या मास्तरांनी मात्र वॉरंटी किती वर्षांची आहे, हे विचारून ठेवलं आहे.

आखाजीला आत्या माहेरी आली. ऐंशीच्या पुढची, काठी टेकत चालणारी, पण जिभेला काठी लागत नाही. खरड छाटणी चालू होती. तिला बाग बघायची होती आणि ट्रॅक्टरवर बसून बघायची होती. पदर खोचून ती थेट मडगार्डपाशी आली.

"आत्या, वॉरंटी जाते."

"कोण वॉरंटी?"

"कंपनीची..."

"तिला म्हणावं मी माहेरी आलेय." आणि तिने पायरीवर पाय ठेवला. "माझ्या बापाच्या वावरात माझ्या भावाच्या पोराच्या टॅक्टरवर मला बसायची बंदी? बोलव तुझ्या दादाला."

दादा कपाट उघडून त्यात काहीतरी शोधायला लागले. पुतण्या मोबाईलवर बोलायला लागला; फोन आलेला नव्हता. मी स्टेअरिंग धरून बसलो. आमच्या घरात आत्याला नाही म्हणणारा पुरुष अजून जन्माला यायचा आहे.

तेवढ्यात बायको पाटीत भाकरी घेऊन बाहेर आली. "आत्या, ट्रॅक्टर माझ्या नावावर आहे," ती म्हणाली. "कागद दाखवू? मीच अजून बसले नाही त्यावर."

आत्याने तिच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, पायरीवरचा पाय खाली घेतला. ऐंशी वर्षांत तिने जमिनीच्या कागदाचं महत्त्व पुरेपूर पाहिलेलं होतं. "बरं झालं," ती म्हणाली, "एकीच्या तरी नावावर काही झालं," आणि काठी टेकत मळ्याच्या वाटेला लागली. भाकरीची पाटी घेऊन बायको तिच्या मागोमाग.

मीही निघालो. वाट अरुंद, दगडगोट्यांची, दोन्ही बाजूंना बाभळी, मागे रोटाव्हेटर. अशा वाटेला पुतण्याने मला पहिल्या लो गिअरच्या पलीकडे परवानगी दिलेली नाही, आणि पहिला लो म्हणजे ताशी दोन किलोमीटरच्या आत-बाहेर. पुढे आत्या, तिच्यामागे माझी बायको, तिच्यामागे मी, चोवीस घोड्यांवर. ओलांडून जायला जागा नाही आणि वेग तर नाहीच. वस्तीवरची माणसं बाहेर येऊन बघत होती. नाना तर हात जोडूनच उभे होते. हळूहळू दोघींमधलं आणि माझ्यातलं अंतर वाढत गेलं.

मी बागेत पोचलो तेव्हा आत्या विहिरीच्या धक्क्यावर बसून छाटणीवाल्या बायकांना भाकरी वाढत होती.

"एवढा उशीर?" तिने विचारलं. "वॉरंटी मागं पडली होती का काय?"